नांग्यांच्या लॉबस्टरला थंड पाणी का लागतं, आणि तो कोकणात वाढवता येईल का?

तुम्ही मालवणजवळ पिंजऱ्यात जिताडा वाढवता आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत. मुंबईच्या बड्या हॉटेलांत कॅनडाहून जिवंत येणारा जाड नांग्यांचा लॉबस्टर आपल्या शेवंडीपेक्षा वेगळा कसा? तो थंड पाण्यातच का सापडतो? आणि पाणी गार ठेवायची सोय केली तर तो कोकणात वाढवता येईल का? मी रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकलो आणि गेली बरीच वर्षं कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर याच प्राण्याच्या पाहणीचं काम करतो आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण ते पटायचं तर आधी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कळायला हवीत.

शेवंड आणि हा लॉबस्टर दिसायला भाऊबंद वाटतात, पण नातं दूरचं आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुख्यतः मिळते ती पॅन्युलिरस पॉलिफॅगस. तिला नांग्या नाहीत. स्वतःला वाचवायला तिच्याकडे काटेरी, जाडजूड मिशा आहेत. नांग्यांच्या लॉबस्टरचं कूळ वेगळं, नेफ्रोपिडी नावाचं, आणि त्याचे खरे सोयरे म्हणजे नदी-तळ्यांतले क्रेफिश. बाजारात ज्याचा बोलबाला आहे ते होमारस या प्रजातीचे दोन प्राणी. अमेरिकन लॉबस्टर लॅब्राडोरपासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत सापडतो. युरोपियन लॉबस्टर उत्तर नॉर्वेपासून मोरोक्कोपर्यंत आणि भूमध्य समुद्रात. याच कुळातला तिसरा, बारीक नारिंगी नॉर्वे लॉबस्टर, चिखलात बिळं करून राहतो आणि स्कॅम्पी म्हणून विकला जातो. मी मुख्यतः अमेरिकनबद्दल बोलेन, कारण माझे हात त्याच्यावर बसलेले आहेत.

आपल्याकडे नांग्यांचे लॉबस्टर अजिबात नाहीत असंही नाही. केरळच्या किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यातल्या कोळंबीसाठी तळावरून ट्रॉल जाळं ओढतात तेव्हा नेफ्रॉप्सिस स्ट्युअर्टी नावाचा छोटा, नांग्यांचा प्राणी वर येतो. तो शेकडो मीटर खाली राहतो, जिथे विषुववृत्ताजवळही पाणी गार असतं. म्हणजे हे कूळ आपल्याकडे आलं, पण गार पाणी धरूनच राहिलं.

आता थंडीचं कारण. ‘लॉबस्टरला थंडी आवडते’ असं सरसकट म्हणतात, ते अर्धवट आहे. अमेरिकन लॉबस्टर उणे १ अंशाच्या पाण्यात जगतो आणि थोडा वेळ पंचवीसच्या पुढचं पाणीही सोसतो. टाकीत एका टोकाला गार आणि दुसऱ्या टोकाला कोमट पाणी ठेवून त्याला मोकळं सोडलं, तर तो साधारण १६ अंशांच्या आसपास थांबतो आणि १९ च्या वरचं पाणी टाळतो. २० ओलांडलं की त्याचा श्वास वाढतो, रक्ताची आम्लता बदलते, रोगाशी लढायची ताकद कमी होते. यात प्राणवायूचा मोठा वाटा आहे. १० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २८ अंशांच्या पाण्यात सहा-साडेसहा. पाणी तापलं की प्राण्याची भूक वाढते, श्वासाची गरज वाढते, आणि नेमका तेव्हाच प्राणवायू कमी पडतो. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असलेलं हिमोसायनिन प्राणवायू वाहून नेतं. गार, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात ते उत्तम काम करतं. कोमट पाण्यात त्याच्यावर फार ताण पडतो.

पण प्रौढ लॉबस्टर जगला म्हणजे झालं नाही, त्याची पिढी पुढे चालली पाहिजे. इथे खरी गोम आहे. त्याला वर्षभर एकसारखं थंड पाणी चालत नाही. त्याला कडक हिवाळा हवा आणि ठीकठाक उन्हाळाही हवा, दोन्ही आपापल्या वेळी. मादीच्या पोटातली अंडी वेळेवर पिकायला थंड हिवाळा लागतो. टाकीत हिवाळाभर पाणी कोमट ठेवलं तर तिची कात टाकायची आणि अंडी घालायची वेळ जुळत नाही. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या सेंट अँड्र्यूज इथल्या सरकारी संशोधन केंद्रात सुझन वॅडी आणि डेव्हिड आयकन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. उलट पिल्लांना उन्हाळा हवा. त्यांचं तरंगतं बालपण १२ अंशांच्या खाली रखडतं. २० अंशांच्या आसपास जे दोन आठवड्यांत उरकतं त्याला १० अंशांत दोन महिने लागतात, आणि तोवर बहुतेक पिल्लं कोणाच्या तरी पोटात गेलेली असतात.

याचं कालमान माहीत नसेल तर सगळं गुंतागुंतीचं वाटतं, म्हणून ते सांगतो. मादी उन्हाळ्यात कात टाकते आणि लगेच, अंग मऊ असतानाच, नराशी जुगते. नराचं बीज ती पोटाखालच्या एका पिशवीत जपून ठेवते. अंडी बहुधा पुढच्या उन्हाळ्यात बाहेर येतात, त्या वेळी साठवलेलं बीज वापरलं जातं, आणि अंडी शेपटीखालच्या पोहण्याच्या पायांना चिकटतात. तिथे ती नऊ ते बारा महिने राहतात. मादी त्यांना वारा घालते, साफ करते, अख्खा हिवाळा त्यांना सोबत घेऊन फिरते. म्हणजे जुगल्यापासून पिल्लं सुटेपर्यंत साधारण दोन वर्षं. अर्धा किलोची मादी आठ-दहा हजार अंडी वाहते, चार किलोची लाखाच्या घरात. मोठी मादी किती मोलाची, हे या दोन आकड्यांवरून कळावं.

जुगण्याची पद्धत मला या प्राण्यात सगळ्यात विलक्षण वाटते. त्यांचं मूत्र डोक्याकडून, मिशांच्या मुळाशी असलेल्या छिद्रांतून सुटतं, आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या पाण्याच्या झोतावर ते समोरच्याकडे पोचतं. अमेरिकेत वुड्स होल इथल्या सागरी संशोधन केंद्रात येले आटेमा यांनी दाखवलं की या मूत्राच्या वासावरच त्यांचं सगळं समाजकारण चालतं. दोन नर एकदा भिडले की हरलेला जिंकलेल्याचा वास काही दिवस लक्षात ठेवतो आणि पुन्हा समोर आला तर वाद न घालता बाजूला होतो. कात टाकायच्या बेतात असलेली मादी त्या भागातल्या सगळ्यात दांडग्या नराच्या बिळाशी येते, आत मूत्राचा झोत सोडते, पुन्हा पुन्हा येते. चार-दोन दिवसांत त्याची आक्रमकता निवळते आणि तो तिला आत घेतो. ती आतच कात टाकते. तेव्हा ती इतकी मऊ असते की त्याने ठरवलं तर खाऊन टाकू शकेल. तो तसं करत नाही. जुगल्यावर ती आठवडाभर तिथेच राहते, कवच जरा टणक झालं की निघून जाते, आणि मग दुसरी मादी येते.

अंडी फुटली की पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात जातात. तीन अवस्था ती प्रवाहाबरोबर वाहतात. चौथ्या अवस्थेत ती लॉबस्टरसारखी दिसू लागतात, जेमतेम दीड सेंटीमीटर, नांग्या पुढे ताणून चक्क पोहतात. मग ती तळाकडे सूर मारतात आणि जागा पारखतात. मोकळी वाळू दिसली तर पुन्हा वर येतात. त्यांना हवे असतात मुठीएवढे ते नारळाएवढे गोल गोटे, एकमेकांवर रचून पडलेले, ज्यांच्या फटींत शिरता येईल. अशा गोटेरी तळात शिरलं की पिल्लू सुरुवातीचा बराच काळ बाहेरच येत नाही. फटीत येईल ते, पाण्यातून वाहत आलेलं बारीकसारीक काहीही खातं. बाहेर मासे टपलेले असतात.

माझ्या कामातला मला आवडणारा भाग हाच आहे. शरद ऋतूत आम्ही पाणबुडे चौकट घेऊन खाली जातो, चौकटीतला एकेक गोटा उचलतो आणि उपसणाऱ्या नळीने खालचं सगळं जाळीच्या पिशवीत ओढतो. वर येऊन पिशवी उलटी केली की शिंपल्यांच्या तुकड्यांत, किड्या-कृमींत दोन-चार इवले लॉबस्टर नांग्या उगारून उभे असतात. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यात ही मोजणी १९८९ साली रिक वाल यांनी सुरू केली आणि पुढे ती कॅनडापर्यंत पसरली. त्या वर्षी तळाला किती पिल्लं लागली यावरून सहा-आठ वर्षांनी पिंजऱ्यात काय येईल याचा अंदाज बांधतात. युरोपियन लॉबस्टरबद्दल मात्र एक कोडं आहे. त्याची इतकी लहान पिल्लं समुद्रात कुठे राहतात हे इतकं शोधूनही हाती लागलेलं नाही. आम्ही गोट्यांत शोधतो तशी तिकडेही शोधून झाली, पण तिथे मिळत नाहीत.

मोठा झाला की तो जागेबाबत इतका हट्टी राहत नाही, पण बीळ लागतंच. खडकाखाली शेपटीच्या पंख्याने वाळू लोटून, पायांनी खडे ढकलून तो ते स्वतः तयार करतो, बहुधा मागून निसटायची वाटही ठेवतो. खडक नसेल तर समुद्रगवतात किंवा चिखलात खड्डा करून बसतो. दिवसा आत, रात्री बाहेर. खाणं म्हणजे खेकडे, कालवं-शिंपले, समुद्री साळू, किडे, मेलेले मासे, आणि दुबळा सापडला तर दुसरा लॉबस्टर. किनाऱ्याजवळचे प्राणी उन्हाळ्यात उथळ पाण्यात येतात आणि थंडीच्या वादळांत खोल जातात, सहसा काही किलोमीटरच. पण जॉर्जेस बँक या समुद्रातल्या उथळ पठाराच्या कडेला, शेकडो मीटर खोल दऱ्यांत राहणारे मोठे लॉबस्टर दरवर्षी शेकडो किलोमीटरची ये-जा करतात, असं खुणा लावून सोडलेल्या प्राण्यांवरून सिद्ध झालं आहे. तीही उबदार पाण्याच्या शोधात, शेपटीखाली चिकटलेली अंडी वेळेत फुटावीत म्हणून.

वाढ होते ती कात टाकूनच. टणक कवच ताणलं जात नाही, म्हणून तो आतून नवं मऊ कवच तयार करतो, जुन्यातलं थोडं कॅल्शियम पोटातल्या दोन खड्यांत साठवतो, आणि मग जुनं पाठीवर उकलतं. सगळ्यात अवघड काम नांग्यांचं. नांगीतलं मांस मनगटाच्या अरुंद सांध्यातून बाहेर काढायचं असतं, त्यासाठी आधीच रक्त काढून घेऊन ते आक्रसवलेलं असतं. तरी कधी कधी नांगी अडकते आणि तुटते. अर्ध्या तासात तो बाहेर येतो, पाणी पिऊन फुगतो, आणि बरेचदा स्वतःचीच कात खातो, कारण त्यात चुना आहे. एका कातीला लांबी साधारण १४-१५ टक्क्यांनी आणि वजन ४०-५० टक्क्यांनी वाढतं. बाजारात येण्याजोगा अर्धा किलोचा व्हायला वीस-पंचवीस काती आणि थंड पाण्यात पाच ते सात वर्षं लागतात.

दोन नांग्या सारख्या नसतात हे तुम्ही पाहिलं असेल. जाड, बोथट दातांची ती फोडायची, बारीक धारदार ती कापायची. जन्मतः दोन्ही सारख्याच असतात. टोरोंटो विद्यापीठातले सी. के. गोविंद आणि जोआन पिअर्स यांनी १९८६ साली दाखवलं की पिल्लू ज्या नांगीने जास्त काम करतं ती फोडायची होते. गुळगुळीत टाकीत, जिथे पकडायलाच काही नाही, तिथे वाढलेल्या पिल्लांना दोन्ही कापायच्याच येतात. टाकीत वाढवलेलं पिल्लू समुद्रात सोडायचं असेल तर त्याला खेळायला शिंपल्यांचे तुकडे द्यावे लागतात, ते यामुळेच.

त्याचं वय सांगणं अवघड, कारण कात टाकताना वर्षांची नोंद ठेवणारं सगळं गळून जातं. तो मरतच नाही ही समजूत मात्र खोटी आहे. म्हातारपणी कात टाकायची ताकद उरत नाही किंवा जुन्या कवचाला रोग लागतो. नोंदलेला सगळ्यात मोठा १९७७ साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात मिळाला, वीस किलोहून थोडा जड.

पकडण्याची गोष्ट थोडक्यात. लाकडी किंवा तारेच्या पिंजऱ्यात हेरिंग, मॅकेरल असं आमिष ठेवून तळाला सोडतात. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी पिंजऱ्यावर कॅमेरा बसवला, तेव्हा आत शिरलेल्या लॉबस्टरांपैकी ९४ टक्के बाहेर पडताना दिसले, बहुतेक आले त्याच दाराने. पिंजरा सापळा कमी आणि खानावळ जास्त आहे. लहान लॉबस्टर आत येऊन जेवून जातात, हेही मासेमारी टिकून राहण्याचं एक कारण असावं असं मला वाटतं. नियम कडक आहेत. मेनमध्ये पाठीचं कवच ८३ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडायचा आणि १२७ पेक्षा मोठा असला तरी सोडायचा. अंडी असलेली मादी मिळाली तर शेपटीच्या पात्याला व्ही आकाराची खाच पाडून सोडायची, म्हणजे पुढे अंडी नसतानाही तिला कोणी पकडायचं नाही. नैर्ऋत्य नोव्हा स्कोशियात हंगाम नोव्हेंबरअखेर सुरू होऊन मे अखेरीस संपतो, त्यामुळे मऊ कवचाचे उन्हाळी प्राणी पकडले जात नाहीत.

आणि तरीही तापमानापुढे नियम कमी पडतात. १९९९ च्या पानगळीत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंड या खाडीत, तळाचं पाणी २० अंशांच्या पुढे राहिल्यावर, लॉबस्टर मोठ्या संख्येने मेले आणि तिथली मासेमारी पुन्हा उभी राहिली नाही. त्याच सुमारास दक्षिण न्यू इंग्लंडमध्ये कवच कुरतडणाऱ्या जिवाणूंचा रोग पसरला, तोही गरम पाण्यात जास्त. मेनचं आखात २००४ ते २०१३ या दशकात जगातल्या ९९ टक्के समुद्रांपेक्षा वेगाने तापलं. तिथे सुरुवातीला त्याचा फायदाच झाला. पूर्वी पिल्लांना फार गार असलेला तळ आता योग्य झाला, कॉडसारखे खाणारे मासे आधीच संपले होते, आणि २०१६ साली मेनमध्ये सुमारे सहा कोटी किलो लॉबस्टर उतरले. त्यानंतर उतार आहे. दक्षिणेकडे जे घडलं ते उत्तरेकडे सरकताना मी पाहतो आहे, आणि मला त्याची काळजी वाटते.

आता तुमची टाकी. कोकणात समुद्राचं पाणी थंडीतही वीसच्या खाली टिकत नाही, म्हणजे वर्षभर यंत्राने गार करावं लागेल. खोल समुद्रातलं गार पाणी उपसावं म्हणाल, तर अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरच्या खाली हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नाहीच. गार पाणी मिळेल, पण श्वास घेता येणार नाही. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी उबवणी केंद्रात जॉन ह्यूज यांनी २० अंशांच्या पाण्यात तो दोन वर्षांत अर्धा किलोचा करून दाखवला होता. तरी त्याचा धंदा कुठेही उभा राहिला नाही, कारण हे प्राणी एकमेकांना खातात. प्रत्येकाला वेगळा खण, वेगळं खाणं, वेगळी साफसफाई. पिंजऱ्यात हजारो जिताडे एकत्र ठेवता, तसं इथे दोनसुद्धा ठेवता येत नाहीत.

शिवाय परका जीव आणण्याची जोखीम आहे. नॉर्वेच्या पाण्यात १९९९ पासून अमेरिकन लॉबस्टर सापडत आहेत, जिवंत आयातीतून सुटलेले किंवा कोणी सोडून दिलेले. स्थानिक लॉबस्टरशी त्यांचा संकर झाल्याचंही आढळलं. बरोबर रोगजंतूही येऊ शकतात. कोकणातलं कोमट पाणी त्याला वाढू देणार नाही, पण टाकीतून बाहेर टाकलेल्या पाण्यासोबत जंतू शेवंडीपर्यंत पोचणार नाहीत याची हमी कोण देईल? असा प्रकल्प कोणी घेऊन आला तर पैसे गुंतवू नका.

मग शेवंडच का वाढवत नाही, हा पुढचा प्रश्न येईलच. तिचं बालपण आड येतं. होमारसचं पिल्लू काही आठवड्यांत तळाला लागतं. शेवंडीचं पारदर्शक, पानासारखं चपटं पिल्लू कित्येक महिने खुल्या समुद्रात तरंगतं, अनेक अवस्था बदलतं, आणि तेवढा काळ त्याला टाकीत जगवणं फार खर्चाचं आणि अवघड काम आहे. म्हणून आज शेवंडीची शेती म्हणजे समुद्रातून लहान शेवंडी आणून पिंजऱ्यात मोठ्या करणं. त्या कुठून आणता, किती आणता, याला मर्यादा नसेल तर शेतीच समुद्र रिकामा करेल. मुंबईसमोरची चपटी वाळूतली लॉबस्टर, थीनस, आपल्याच डोळ्यांदेखत १९९४ पर्यंत मासेमारीतून जवळपास संपली. तुमच्या पट्ट्यात पोटाखाली अंडी असलेली शेवंड जाळ्यात आली तर ती पाण्यात परत जाईल असं तांडेलांकडून कबूल करून घ्या. पॉलिफॅगससाठी निर्यातीचं किमान वजन ३०० ग्रॅम आहे, तेवढं तरी स्थानिक बाजारातही पाळा.

हॉटेलांना जिवंत कॅनडियन लॉबस्टर पुरवायचा विचार असेल, तर तो वेगळा आणि जमण्यासारखा धंदा आहे. कल्ले ओले राहिले तर तो पाण्याबाहेर दीड दिवस सहज तग धरतो. पेटीत ओला कागद किंवा समुद्री शेवाळ, आत ३ ते ५ अंश तापमान, आणि नांग्यांवरचे रबर काढायचे नाहीत. आल्यावर टाकीत ठेवायचा असेल तर पाणी खारं, गार आणि हवा सोडलेलं हवं. नळाच्या गोड पाण्यात किंवा वितळणाऱ्या बर्फात ठेवला तर तो मरतो. उचलल्यावर शेपटी पोटाखाली जोरात आवळली तर माल ताजा समजा. शेपटी आणि नांग्या लोंबत राहिल्या तर तो परत पाठवा.